गाडीचे नाक

सदर : रोजच्या आयुष्यातले विज्ञान

"काका, गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवला तर खरंच फरक पडतो का?" हा प्रश्न यंदा मला आपल्या मंडळातल्या तीन वेगवेगळ्या मुलांनी विचारला. तिघेही इथेच वाढलेले, नुकते नोकरीला लागलेले आणि पहिल्या गाडीच्या प्रेमात पडलेले. त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न थोडा वेगळा होता : "सर, ह्यात त्याला पैसे घालू द्यावेत का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच भौतिकशास्त्रात आहे, म्हणून यंदाचे सदर त्यालाच देतो. पहिल्या पिढीने वाचावे आणि दुसऱ्या पिढीला जेवताना सांगावे. मुलांनी स्वतः वाचले तर दुधात साखर.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर तिचे मुख्य अन्न हवा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हेच लिटरमध्ये सांगायचे तर पंपावर भरलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे गाडी साधारण ९००० लिटर हवा ओढते. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर ते मिनिटाला सुमारे ३००० लिटर हवा घेते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे मंडळाच्या दिवाळी पहाटेला सभागृहात बसलेले चारशे श्रोते मिळून जेवढी हवा घेतात, तेवढी त्या एका बॉनेटखाली लागते.

पेट्रोल वाढवणे सोपे आहे, इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवला की झाले. अडते ते हवेपाशी. सिलिंडरची जागा ठरलेली असते. तेवढ्या जागेत जास्त हवा बसवायची तर हवा दाट असायला हवी, आणि थंड हवा गरम हवेपेक्षा दाट असते. इनटेकचा सारा खटाटोप या एका वाक्यासाठी आहे.

आता आकडे पाहू. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर कोरडी हवा १.१८ किलो भरते. ४५ अंशांना तीच १.११ किलो आणि ७० अंशांना १.०३ किलो. आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. २४ मे २०२५ रोजी अल ऐन भागातल्या स्वैहानला ५१.६ अंशांची नोंद झाली. अशा दुपारी ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ७० अंश होणे काही नवल नाही. मग इंजिनाने ती कोंडलेली ७० अंशांची हवा ओढण्याऐवजी बाहेरची ४५ अंशांची ओढली, तर वजनाने जवळजवळ आठ टक्के जास्त हवा मिळेल. एवढे ऐकले की मुलांचे डोळे चमकतात. आठ टक्के हवा, म्हणजे आठ टक्के ताकद!

इथे दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट अशी की हवा सिलिंडरपर्यंत पोचेपर्यंत वाटेत गरम धातूला घासून जाते आणि तापते. आत येणारी हवा जितकी थंड, तितकी ती वाटेत जास्त उष्णता उचलते. म्हणून साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद वेगवेगळ्या हवामानात मोजून तिची तुलना करायची असते, तेव्हा एसएईच्या प्रमाणित सूत्रात तापमानाचे वर्गमूळ घेतात. सोप्या भाषेत, घनतेत आठ टक्के फायदा दिसला तर ताकदीत चारच्या आसपास धरावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कारखान्यातून आलेली गाडी बॉनेटखालची हवा ओढते हे गृहीतच बहुतेक वेळा चूक असते. एकदा बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून निघणारी प्लॅस्टिकची नळी कुठे जाते ते पाहा. बहुतेक आधुनिक गाड्यांत ती पुढच्या जाळीमागे किंवा मडगार्डच्या पोकळीत जाते. म्हणजे कोल्ड एअर इनटेक तुमच्या गाडीत आधीच आहे, आणि तो बसवणाऱ्या इंजिनिअरने आवाज, धूळ, पाणी आणि उष्णता या चौघांचाही विचार करून ती जागा निवडलेली आहे.

एक उदाहरण घेऊ. बाहेर ४५ अंश आहेत, गाडी शेख झायेद रोडवर व्यवस्थित धावते आहे. समजा मूळच्या नळीतून ५२ अंशांची हवा आत जाते आणि नव्या महागड्या नळीतून ४७ अंशांची. केल्विनमध्ये हे ३२५ आणि ३२० झाले. घनतेत दीड टक्का फरक पडला आणि वर्गमूळ घेतले तर ताकदीत पाऊण टक्का. १५० हॉर्सपॉवरच्या गाडीला सव्वा हॉर्सपॉवर मिळाली. एसी चालू केला की त्याहून जास्त ताकद कॉम्प्रेसर घेऊन जातो.

उलट बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा प्रकार म्हणजे मूळचा डबा काढून टाकायचा आणि बॉनेटखालीच शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. दिसतो छान, आवाजही भारदस्त येतो. पण तो फिल्टर आता खरोखरच इंजिनाची तापलेली हवा ओढतो. ५२ ऐवजी ७० अंशांची हवा गेली तर त्याच गाडीची चार हॉर्सपॉवर कमी होते. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हा आपल्या कानांचा भोळेपणा आहे. लग्नात ताशा जोरात वाजला म्हणून वरात लवकर पोचत नाही.

मायलेज वाढेल म्हणून कोणी इनटेक विकत असेल तर तेही तपासून घ्या. सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना इंजिनाला पूर्ण हवा नकोच असते. थ्रॉटलची झडप ती मुद्दाम अडवून धरते. जी हवा आपणच दारात अडवतो आहोत ती थोडी दाट झाल्याने पेट्रोल कसे वाचणार? थंड हवेचा उपयोग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तेव्हाचा आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात थंड देशांतल्या अनेक गाड्यांत तर हिवाळ्यात सायलेन्सरच्या बाजूची गरम हवा मुद्दाम ओढायची सोय असे, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरे.

मग थंड हवेचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो कुठे आहे ते समजून घेण्यासारखे आहे. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती तापते. दहास एक या प्रमाणात दाबली तर केल्विनमधले तापमान दुपटीहून थोडे जास्त होते. त्यामुळे आत येताना हवा २० अंशांनी गरम असेल तर ठिणगी पडण्याच्या क्षणी ती चाळीसहून अधिक अंशांनी गरम असते. अशा वेळी पेट्रोल वेळेआधीच भडकू लागते, इंजिन 'नॉक' करते. आजच्या गाडीतला सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचते, पण ताकद जाते. ऑगस्टच्या दुपारी गाडी मरगळल्यासारखी वाटते त्याला हेही एक कारण आहे. अशा वेळी नळी बदलण्याआधी टाकीचे झाकण उघडून पाहा. कंपनीने ९५ किंवा ९८ ऑक्टेन सांगितले असेल आणि पैसे वाचवायला आपण ९१ चे ई-प्लस भरत असू, तर चूक नळीची नाही.

टर्बो असलेल्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा सहज शंभर अंशांच्या वर जाते. तिला थंड करायला इंटरकूलर असतो. तिथे इनटेकच्या नळीपेक्षा इंटरकूलरचा आकार आणि त्याची स्वच्छता यांना जास्त महत्त्व आहे. काही गाड्यांत, उदाहरणार्थ सुबारूच्या एसटीआयमध्ये, इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायची सोय होती. हा आपला वाळ्याचा पडदाच झाला. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. विदर्भातल्या मंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलर थंडगार हवा देतो आणि तोच कूलर मुंबईत दमट हवेत नुसता घोंगावतो. इथेही तसेच. लिवाच्या कोरड्या वाळवंटात फवारा चालेल, दुबईच्या ऑगस्टमध्ये त्याचा दम निघून जाईल.

दमटपणाचा आणखी एक तोटा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये दवबिंदू ३० अंशांपर्यंत जातो. त्या वेळी हवेच्या प्रत्येक शंभर भागांत चार भाग नुसती वाफ असते. वाफ जळायला मदत करत नाही, पण जागा अडवते. म्हणजे चार टक्के प्राणवायू कमी. कोणतीही नळी लावून हे टाळता येत नाही, आणि हा तोटा वरच्या सव्वा हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

ज्यांना या विषयाची खरी कारागिरी पाहायची आहे त्यांनी हिवाळ्यात लिवाला जावे. तिथल्या तल मरीब या सुमारे ३०० मीटर उंचीच्या वाळूच्या टेकाडावर गाड्या सरळ चढवण्याच्या स्पर्धा होतात. ४.८ लिटरच्या सहा सिलिंडरांच्या निसान पेट्रोलला मोठा टर्बो लावून आणि आतून सारे इंजिन बदलून तिथे आणतात. ते एक नळी बदलून थांबत नाहीत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर, इंटरकूलर, संगणकाचा नकाशा हे सारे एकमेकांशी जुळवून घेतात, मोजतात, पुन्हा बदलतात. आणि त्या गाड्या रोज शाळेत मुलांना सोडायला जात नाहीत.

वाळवंटाचे नाव निघाले म्हणून धुळीबद्दल सांगतो. इथली बारीक धूळ बरीचशी सिलिकाची असते, म्हणजे पॉलिश पेपरवरचे कणच. ती सिलिंडरमध्ये गेली की भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. जास्त हवा सोडणारा फिल्टर अनेकदा जास्त धूळही सोडतो. तेल लावायचे कापडी फिल्टर असतात, त्यांना धुऊन जास्त तेल लावले तर ते उडून हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. हा सेन्सर म्हणजे एक तापवलेली बारीक तार. जितकी हवा जाते तितकी ती थंड होते, आणि तिला पुन्हा तापवायला किती वीज लागली यावरून संगणक हवेचे वजन ओळखतो. तारेवर तेलाचा थर बसला की हिशेबच चुकतो.

हवा कुठून घ्यावी हे या देशातल्या जुन्या लोकांना आपल्या आधीपासून ठाऊक होते. दुबईच्या अल फहिदी भागात फिरताना घरांवरचे बरजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे, पाहा. शारजाला मजलिस अल मिदफावरचा गोल बरजीलही पाहण्यासारखा आहे. जमिनीलगतची हवा तापलेली आणि धुळकट असते, म्हणून तोंड उंचावर. वाळवंटात जाणाऱ्या लँड क्रूझरच्या बाजूने काचेच्या उंचीपर्यंत गेलेली नळी, जिला स्नॉर्कल म्हणतात, ती त्या बरजीलचीच भाची.

आणि आता नेमके उलटे पाहा. बाजारातला लांब नळीचा कोल्ड एअर इनटेक थंड हवा शोधत खाली उतरतो आणि फिल्टर बंपरच्या मागे, चाकाजवळ नेऊन ठेवतो. नाक गुडघ्याशी आले. पाऊस नसलेल्या देशात काय बिघडते, असे सगळे म्हणत. मग १६ एप्रिल २०२४ उजाडला. अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे २४ तासांहून कमी वेळात २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत या देशात एवढा पाऊस कधीच झाला नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा आकडा लहान वाटेल. पण मुंबईला गटारे आणि खाड्या तरी आहेत. इथे दुबई-शारजात रस्त्यांचे तलाव झाले आणि काही वस्त्यांत पाणी कित्येक दिवस हटले नाही.

आपल्या ओळखीतल्या एका मुलाची गाडी त्या दिवशी पाण्यात बंद पडली. पाणी फार नव्हते, शेजारची तशीच गाडी हळूहळू निघून गेली. याचा फिल्टर खाली होता. घाबरून त्याने पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दोन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात पिस्टन अगदी वर आला की प्रत्येक सिलिंडरमध्ये फक्त ५५ मिलिलिटरच्या आसपास जागा उरते, म्हणजे कटिंग चहाचा निम्मा ग्लास. त्याहून जास्त पाणी आत गेले की पिस्टन जागेवर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेले. विमा कंपनीने विचारले, हा बदल आम्हाला कळवला होता का? नव्हता. गाडीचे दोन वर्षांचे हप्ते बाकी होते, आणि कर्जाला जामीन वडील होते. गाडी गेली, हप्ते राहिले. बापलेकांत बोलणे सुरू व्हायला गणपती उजाडले.

हे सांगायचे कारण भीती घालणे नाही. कायदाही माहीत असावा. २०१७ च्या केंद्रीय वाहतूक दंडांच्या यादीत परवानगीशिवाय इंजिन किंवा चासी बदलल्यास १००० दिरहम दंड, १२ ब्लॅक पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त अशी तरतूद आहे. गोंगाट करणाऱ्या गाडीला २००० दिरहम आणि १२ पॉइंट. २४ पॉइंटला परवाना जातो, म्हणजे एका फटक्यात निम्मे संपले. अबू धाबीत २०२० च्या कायद्यानुसार अशी बदललेली गाडी सोडवून घ्यायला १०,००० दिरहम मोजावे लागतात. आपली नळी या व्याख्येत बसते की नाही, हा वाद रस्त्यावर पोलिसांशी घालू नये. आधी विचारावे, लेखी परवानगी घ्यावी, विमा कंपनीला कळवावे, मगच पाना हातात घ्यावा.

आणि पाना घेण्याआधी मोजावे. गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडीचे सॉकेट असते. त्यात लावायचे छोटे यंत्र फार महाग नसते, ते फोनवर आत येणाऱ्या हवेचे तापमान दाखवते. दुबई-शारजाच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एकदा आणि मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे चालल्यावर एकदा, असे आठवडाभर वहीत लिहा. शेजारी बाहेरचे तापमान लिहा. धावत्या गाडीत दोन्हींतला फरक पाचदहा अंशांचाच निघाला तर नवी नळी तुम्हाला विकत देण्यासारखे काही उरलेले नाही. फरक फारच मोठा निघाला तर आधी मूळची नळी जागेवर आहे का पाहा. सर्व्हिसच्या वेळी ती निसटते, डब्याची क्लिप तुटते, खालचे प्लॅस्टिकचे आवरण किंवा उष्णता अडवणारा पत्रा परत लावायचा राहून जातो. हे दुरुस्त करायला वीसपंचवीस दिरहम लागतात. वाळूत जाऊन आल्यावर फिल्टर उघडून झटका, जुना असेल तर बदला. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ओढून न्यायला बोलवा. एवढे पाळले तर पहिल्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीपर्यंत टिकेल.

पालकांना एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी बॉनेट उघडून आत डोकावत असेल तर त्यांना रागावू नका. वायूंचे नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवले, पण स्वतःच्या गाडीच्या तापमानाची वही ठेवणारा विद्यार्थी ते जन्मभर विसरणार नाही. पैसे नळीत घालण्याआधी त्या वहीची मागणी करा, म्हणजे घरात वादाऐवजी चर्चा होईल.

हा अंक हातात पडेल तेव्हा हवा उतरू लागलेली असेल. उन्हाळ्यातली ४५ अंशांची हवा जानेवारीच्या सकाळपर्यंत २५ च्या खाली येते, आणि तेवढ्याने १५० हॉर्सपॉवरच्या गाडीला पाच हॉर्सपॉवर परत मिळते. पैसे नाहीत, परवानगी नाही, विमा कंपनीला पत्र नाही. मात्र याच महिन्यांत इथे पाऊसही येतो, तेव्हा नाक उंच ठेवा.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.